विभक्त होणाऱ्या आईवडिलांसाठी मध्यस्थी : पहिल्या तारखेपासून संमतीपत्रापर्यंत

कुटुंब न्यायालयात पहिल्यांदा येणाऱ्या आईच्या किंवा वडिलांच्या हातात नोटीस असते, सोबत माहेरचे किंवा घरचे कोणीतरी असते, आणि आज काहीतरी निकाल लागेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या दिवशी मुलांची वये विचारली जातात, मुले सध्या कोणाकडे आहेत हे विचारले जाते आणि प्रकरण विवाह समुपदेशकाकडे किंवा मध्यस्थी केंद्राकडे पाठवले जाते. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, एक ओळ लिहिली जाते, पुढची तारीख मिळते आणि माणूस गोंधळून बाहेर पडतो. महाराष्ट्रात वेगळे होत असलेल्या आणि मुले असलेल्या अशा जोडप्यांना पुढे काय घडते, कोणती तयारी करावी आणि कुठे सावध राहावे हे समजावे, यासाठी हा लेख आहे.

लग्न कोणामुळे मोडले याचा निवाडा मध्यस्थ करत नाही, आणि तो त्याच्याकडे मागूही नये. पुढची काही वर्षे मुलाचा साधा आठवडा कसा जाणार, त्याला शाळेतून कोण आणणार, ताप आला तर कोणाला फोन जाणार आणि त्याची फी कोण भरणार, हे दोघांनी मिळून ठरवावे आणि ते कागदावर यावे, एवढेच मध्यस्थीचे काम आहे. हे काम जितके बारकाईने होईल तितकी पुढची भांडणे कमी होतात. 'वडिलांनी मुलाला सोयीनुसार भेटावे' असे वाक्य असलेले संमतीपत्र पहिल्याच महिन्यात अडखळते, कारण सोय प्रत्येकाची वेगळी असते.

आधी शब्द नीट समजून घ्या

समुपदेशन, मध्यस्थी, लोकअदालत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची बैठक या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात.

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ याच्या कलम ९ नुसार न्यायालयाने आधी दोन्ही पक्षांत तडजोड होते का हे पाहायचे असते, आणि तशी शक्यता दिसल्यास कामकाज तहकूब करण्याचा अधिकार त्याला आहे. त्यासाठी न्यायालयातच समुपदेशक नेमलेले असतात. ते दोघांशी बोलतात, गरज असल्यास मुलांशी बोलतात आणि संसार पुन्हा जुळण्याची शक्यता आहे का हेही पाहतात. मध्यस्थ हा त्यांच्याहून वेगळा. तो बहुधा अनुभवी वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो, त्याने ४० तासांचे मध्यस्थी प्रशिक्षण घेतलेले असते, तो कोणाच्याही बाजूचा नसतो आणि त्याला निर्णय देण्याचा अधिकार नसतो. तो दोघांना बोलते करतो, मुद्दे वेगळे काढतो आणि जिथे जुळते तिथे लिहून घेतो. लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने वाद मिटवण्यासाठी भरणाऱ्या अदालतीत, तडजोड झाली की निवाडा तयार होतो आणि त्यावर अपील करता येत नाही. पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये होणारे समुपदेशन तातडीच्या तक्रारीपुरते उपयोगी पडते, पण मुलाच्या ताब्याचा पक्का आदेश तिथे मिळत नाही.

राहिली बैठक. मामा, काका, गावातली चार मानाची माणसे बसतात, आवाज चढतात, शेवटी कोणीतरी 'मुलांसाठी सोसून घ्या' म्हणते आणि सगळे जेवून घरी जातात. त्या माणसांची तळमळ खरी असते, हे मी मान्य करतो. पण ती माणसे कोणाची तरी नातेवाईक असतात, आणि ज्याचे बोलणे घरात कमी ऐकले जाते त्याचे बैठकीतही कमीच ऐकले जाते. काही ठिकाणी स्टँप पेपरवर फारकत लिहून देण्याची पद्धत अजून आहे. ज्या समाजात घटस्फोटाची रूढी आहे आणि ती न्यायालयात सिद्ध करता येते, तिथली गोष्ट वेगळी. इतरांच्या बाबतीत हिंदू विवाह कायद्याखाली झालेले लग्न अशा कागदाने संपत नाही. त्या कागदावर 'मूल आईकडे राहील, वडिलांचा काही संबंध नाही' असे लिहिले असले तरी मुलाचे हक्क त्याने बुडत नाहीत. असा कागद तुमच्याकडे असेल तर तो लपवू नका, वकिलाला दाखवा.

पहिली पायरी : मध्यस्थी कुठे आणि कशी सुरू होते

रस्ते दोन आहेत. दावा आधीच दाखल असेल तर न्यायाधीश स्वतः किंवा तुमच्यापैकी एकाच्या विनंतीवरून तो मध्यस्थीकडे पाठवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मध्ये ही तरतूद आहे आणि ती १ जुलै २००२ पासून लागू आहे. के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद शक्य तितक्या लवकर मध्यस्थीकडे पाठवावेत असे स्पष्ट सांगितले. ज्या ठिकाणी कुटुंब न्यायालय नाही तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयातही हीच पद्धत चालते.

दुसरा रस्ता दावा दाखल होण्याआधीचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करून दाखलपूर्व मध्यस्थी मागता येते. प्राधिकरण समोरच्या व्यक्तीला बोलावून घेते. तिने यायचे नाही असे ठरवले तर तिला जबरदस्तीने आणता येत नाही, पण एकमेकांवर आरोप करणारे कागद अजून तयार झालेले नसल्यामुळे या टप्प्यावर माणसे मोकळेपणाने बोलतात, आणि माझ्या मते मुले लहान असतील तर हाच रस्ता आधी चालून पाहावा. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: हिंदू विवाह कायद्याखाली किंवा विशेष विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नाचा घटस्फोट शेवटी न्यायालयच देते.

न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात पक्षांकडून मध्यस्थाची फी घेतली जात नाही. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते; पुरुषांना उत्पन्नाच्या किंवा कायद्यातील इतर निकषांवर मिळू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

दुसरी पायरी : आपल्यासाठी मध्यस्थी सुरक्षित आहे का

ही पायरी बहुतेक लोक ओलांडून जातात आणि मग पस्तावतात. समोरच्या माणसासमोर बसल्यावर तुमच्या तोंडून शब्द फुटत नसेल, घरात मारहाण झाली असेल, मुलाला पळवून नेण्याची धमकी मिळाली असेल किंवा मुलावर अत्याचार झाल्याची शंका असेल, तर ही गोष्ट पहिल्या बैठकीआधीच समुपदेशकाला किंवा केंद्रातल्या कर्मचाऱ्याला एकटे भेटून सांगा. दोघांना समोरासमोर न बसवता वेगवेगळ्या खोल्यांतून बोलणी करता येतात, येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात, आणि मध्यस्थीच योग्य नाही असे मध्यस्थाला वाटले तर तो प्रकरण न्यायालयाकडे परत पाठवू शकतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ याखालील संरक्षण आदेश आणि मुलाचा तात्पुरता ताबा मागण्याचा तुमचा हक्क मध्यस्थी सुरू झाल्याने संपत नाही. तातडीची मदत हवी असेल तर महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

अनेक स्त्रियांना आणखी एक भीती वाटते, आणि ती निराधार नाही: मध्यस्थी म्हणजे परत नांदायला पाठवण्याची युक्ती तर नाही? नाही. तुम्हाला परत जायचे नाही हे पहिल्याच बैठकीत शांतपणे आणि एकदाच सांगा. वेगळे होण्याचा निर्णय कायम ठेवून मुलांविषयी आणि पैशांविषयी मध्यस्थी करता येते, आणि बहुतेक आईवडिलांना तिचा खरा उपयोग तिथेच होतो.

तिसरी पायरी : कागद आणि मन दोन्ही तयार ठेवा

पैशांविषयीची बोलणी अंदाजांवर झाली की फसतात. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मध्यस्थीतही तीच माहिती समोर ठेवा. पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे, घराच्या कर्जाचे हप्ते, शेती असेल तर सातबारा, पतसंस्थेचे कर्ज, स्त्रीधनाची यादी आणि मुलांच्या शाळेच्या, क्लासच्या व औषधांच्या पावत्या एका फाइलमध्ये क्रमाने लावा. शेतीचे किंवा दुकानाचे उत्पन्न महिन्याला सारखे येत नाही, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांचा हिशेब काढलेला बरा.

मुलांविषयीची फाइल वेगळी असावी. त्यात शाळेचे वेळापत्रक, वार्षिक सुट्ट्या, लसीकरणाची नोंद, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, मूल कोणाकडे अभ्यास करते, त्याला झोपताना कोण लागते, आजीआजोबांकडे किती वेळ जाते, हे सगळे लिहा. हे लिहिताना अनेक वडिलांच्या लक्षात येते की मुलाच्या रोजच्या दिवसाविषयी आपल्याला फारसे माहीत नाही, आणि अनेक आयांच्या लक्षात येते की मुलाचे वडिलांशी काहीतरी असे चालते जे आपण कधी मोजलेच नव्हते. या दोन्ही जाणिवा मध्यस्थीत उपयोगी पडतात.

वकिलांशी आधी बोला. कुटुंब न्यायालयात वकील लावणे हा कायद्याने आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती प्रत्यक्षात बहुधा मिळते. मध्यस्थीत वकील सोबत असू शकतात, पण बोलायचे तुम्हाला आहे.

चौथी पायरी : पहिली बैठक

पहिल्या बैठकीत मध्यस्थ स्वतःची ओळख करून देतो आणि नियम सांगतो. एकमेकांना मध्येच तोडायचे नाही, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे नाही, इथे बोललेले न्यायालयात पुरावा म्हणून वापरायचे नाही, आणि कोणालाही केव्हाही थांबण्याचा हक्क आहे. नंतर दोघांना आळीपाळीने बोलायला मिळते. इथे बहुतेक लोक दहा वर्षांचा इतिहास सांगतात. तो मनात साठलेला असतो, त्यामुळे मध्यस्थ थोडा वेळ तो ऐकून घेतो. तुमच्या वाट्याच्या वेळातला शेवटचा भाग मात्र मुलाला सध्या काय त्रास होतो आहे आणि तुम्हाला कोणती व्यवस्था हवी आहे, यासाठी राखून ठेवा. 'यांनी माझे आयुष्य उद्ध्वस्त केले' या वाक्यावर मध्यस्थाला पुढे काही करता येत नाही. 'शनिवारी मुलगा रात्री अकराला परत येतो आणि रविवारी त्याला बरे वाटत नाही' या वाक्यावर लगेच काम सुरू करता येते.

गोपनीयतेचा एक अपवाद समजून घ्यायला हवा. मध्यस्थ न्यायालयाला सहसा फक्त तडजोड झाली किंवा झाली नाही एवढेच कळवतो, कारणे देत नाही. पण पेरी कंसाग्रा विरुद्ध स्मृती मदन कंसाग्रा या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलाच्या ताब्याच्या आणि पालकत्वाच्या प्रकरणांत गोपनीयतेचे नेहमीचे तत्त्व लागू होत नाही आणि मुलाच्या हितासाठी न्यायालयापुढे सर्व संबंधित माहिती यायला हवी. म्हणून मूल समुपदेशकाशी काय बोलले ते न्यायालयापर्यंत पोहोचू शकते. मुलाला पढवून नेऊ नका. समुपदेशक रोज मुलांशी बोलतात, आणि पाठ केलेली वाक्ये त्यांना ओळखू येतात. त्याहून मोठे कारण हे की आईविरुद्ध किंवा वडिलांविरुद्ध वाक्ये पाठ करायला लावलेले मूल त्या दिवसाची आठवण पुढे कित्येक वर्षे मनात बाळगते.

पाचवी पायरी : स्वतंत्र बैठका

दोघे एकत्र असताना बोलणी अडली की मध्यस्थ एकेकाला वेगळे बसवून बोलतो. इथे सांगितलेले तो तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही, त्यामुळे 'मला रात्रीचा मुक्काम मान्य आहे, पण त्यांच्या नव्या घरी कोण कोण राहते ते मला माहीत नाही' ही खरी अडचण इथे बोलता येते. मध्यस्थ तुम्हाला विचारेल की तडजोड झाली नाही तर काय होईल, खटल्याला किती वर्षे लागतील, मूल तोपर्यंत कितवीत असेल. तो घाबरवण्यासाठी हे विचारत नाही. दोन्ही रस्ते शेजारी ठेवून पाहावेत म्हणून विचारतो. दोघांपैकी एकजण परगावी किंवा परदेशात असेल तर परवानगीने व्हिडिओ कॉन्फरन्सनेही बैठका होतात. अशा दोन-तीन बैठका होऊन गेल्यावर, आणि कधी कधी चार-पाच, खरे मुद्दे चार-पाचच आहेत हे स्पष्ट होते. न्यायालयाने दिलेली मुदत साधारण ६० दिवसांची असते आणि ती वाढवून मिळू शकते.

सहावी पायरी : मुलाचा आठवडा लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ताबा हा शब्द मालमत्तेसाठी वापरतो तसाच मुलासाठी वापरला जातो, हे दुर्दैव. त्या शब्दाभोवती अडकून राहिलात तर बोलणी पुढे सरकत नाहीत. कायद्याचे सूत्र स्पष्ट आहे: हिंदू अल्पवयस्कता आणि पालकत्व कायदा, १९५६ याच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरि आहे, आणि कलम ६ नुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रॉक्सॅन शर्मा विरुद्ध अरुण शर्मा या २०१५ च्या प्रकरणात याच तत्त्वावर लहान मुलाचा ताबा आईला देण्यात आला. पालक आणि पाल्य कायदा, १८९० सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे, आणि समज आलेल्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. मध्यस्थीत या कलमांवर वाद घालण्यापेक्षा सोमवार ते रविवार अशी सात घरे आखा आणि त्यात मूल कुठे झोपेल, कुठे जेवेल, शाळेत कोण सोडेल हे भरा.

समजा आई पुण्यात राहते, वडिलांची नोकरी कोल्हापुरात आहे आणि मुलगी दुसरीत आहे. दर शनिवार-रविवार तिला बसने कोल्हापूरला पाठवणे कागदावर छान दिसते, पण प्रवासात तिचे दोन्ही दिवस जातात आणि सोमवारी ती वर्गात पेंगते. अशा वेळी महिन्यातले दोन शनिवार-रविवार वडिलांनी पुण्यात येऊन राहावे, एक वडिलांकडे व्हावा, आणि दिवाळीची व मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटावी, असे काहीतरी जास्त टिकते. मूल तीन वर्षांचे असेल तर लांबलचक मुक्कामापेक्षा थोड्या थोड्या वेळाच्या पण वारंवार होणाऱ्या भेटी त्याला सोसतात. पंधरा वर्षांच्या मुलाचे तर क्लास, मित्र आणि दहावीचे वर्ष यांच्याभोवतीच वेळापत्रक आखावे लागते, आणि त्याला विचारल्याशिवाय आखलेले वेळापत्रक तो पाळत नाही.

सण आधी ठरवा, कारण भांडणे सणाला होतात. गणपती दोन्ही घरी बसत असतील तर प्रतिष्ठापनेचा दिवस एका घरी आणि गौरीचे दिवस दुसऱ्या घरी, आणि पुढच्या वर्षी उलट, असे स्पष्ट लिहा. दिवाळीत लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज कुठे, मुलाचा वाढदिवस कसा वाटायचा, ईद किंवा नाताळ असेल तर काय, हे सगळे त्यात यावे. 'सणांना आलटून पालटून' एवढे लिहून ठेवले तर पहिल्याच वर्षी कोणाची पाळी आधी यावरून वाद होतो.

सोपवण्याची जागा आणि वेळ लिहा. 'शनिवारी सकाळी १० वाजता आईच्या सोसायटीच्या गेटवर, रविवारी संध्याकाळी ७ वाजता त्याच ठिकाणी' असे वाक्य पुरते. उशीर झाला तर किती वेळ वाट पाहायची आणि मेसेज कोणी करायचा, हेही. दोघांना एकमेकांसमोर यायचे नसेल तर आजी, मावशी किंवा शाळेचे गेट चालते. सुरुवातीला विश्वास नसेल तर काही कुटुंब न्यायालयांत मुलांसाठी असलेल्या खोलीत देखरेखीखाली भेटी होऊ शकतात, पण ही व्यवस्था किती आठवडे चालेल आणि त्यानंतर काय, हेही त्याच वेळी लिहून घ्या, नाहीतर वडिलांची मुलाशी ओळख त्या एका खोलीपुरतीच उरते.

फोनचा मुद्दा हल्ली मोठा झाला आहे. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला रोज ५ ते १० मिनिटे मुलाशी बोलता यायला हवे. वेळ ठरवा, फोन कोणाचा वापरायचा ते ठरवा आणि बोलताना दुसऱ्या पालकाने शेजारी उभे राहून ऐकायचे नाही हेही लिहा.

निर्णयांची वाटणीही करावी लागते. रोजच्या गोष्टी ज्याच्याकडे मूल असेल त्याने ठरवाव्यात. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, दुसऱ्या शहरात नेणे अशा गोष्टी दोघांनी मिळून ठरवाव्यात आणि मतभेद झाला तर आधी पुन्हा मध्यस्थाकडे जावे, असे कलम घाला. शाळेच्या नोंदीत दोघांचे फोन क्रमांक ठेवा आणि निकाल व पालकसभेची सूचना दोघांना मिळेल असे शाळेला लिहून द्या. मुलाचा पासपोर्ट काढताना सामान्यतः दोघांची संमती लागते, म्हणून ती कोण, कधी आणि किती दिवसांत देईल हे लिहा. यातले एक पालक परदेशात जाणार असेल तर आणखी जपून पावले टाका: मुलांना बेकायदा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याविषयीच्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, आणि एकदा मूल सीमेपलीकडे गेले की साध्या आदेशाने ते परत येत नाही. परदेशी प्रवासाची परवानगी, परतीची तारीख आणि तिकिटाची प्रत ही तीनही कलमे संमतीपत्रात असावीत.

सातवी पायरी : पैशांचे मुद्दे

मुलाचा खर्च आणि पतीपत्नीमधली पोटगी वेगळी लिहा. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क त्यामुळे संपत नाही, आणि मध्यस्थाने तसे कलम लिहून घेऊ नये. ठरलेली रक्कम रोख देऊ नका, बँकेतून पाठवा आणि महिन्याची तारीख लिहा. शाळेची फी दरवर्षी वाढते. म्हणून एकच आकडा लिहून थांबण्यापेक्षा फी थेट शाळेत कोण भरेल, दरवर्षी रक्कम किती टक्क्यांनी वाढेल, आरोग्य विमा कोणाच्या नावावर राहील आणि अठराव्या वर्षानंतरच्या शिक्षणाचे काय, हे स्पष्ट करा.

एकरकमी देणे ठरले असेल तर ते टप्प्यांत वाटा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण ६ महिन्यांनी दुसरा टप्पा येतो, आणि हुकूमनाम्यापर्यंत, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश होईपर्यंत, कोणीही संमती मागे घेऊ शकतो. त्यामुळे काही रक्कम पहिल्या टप्प्याला आणि उरलेली दुसऱ्या टप्प्याला, अशी पद्धत दोघांनाही सुरक्षित वाटते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानंतर हा ६ महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, आणि त्यासाठी ताबा व पोटगी यांच्यासह सगळे मुद्दे खरोखर मिटलेले असावे लागतात.

क्रूरतेच्या गुन्ह्याची तक्रार दाखल असेल, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ किंवा भारतीय न्याय संहितेतील कलम ८५, तर 'तक्रार मागे घेऊ' एवढे लिहून भागत नाही. महाराष्ट्रात हा गुन्हा पक्षांनी आपसात मिटवण्याजोगा नाही. तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. त्या अर्जात कोण सहकार्य करेल आणि किती दिवसांत, हे संमतीपत्रात यायला हवे.

आठवी पायरी : संमतीपत्र आणि सही

मसुदा मराठीत असावा, किंवा मराठीतून समजावून घेतलेला असावा. इंग्रजी मसुद्यावर 'सगळे नेहमीचेच आहे' या शब्दावर सही करू नका. प्रत्येक कलम वाचून 'हे पाळले नाही तर काय?' हा प्रश्न स्वतःला विचारा. सही करण्याआधी एक रात्र मागा. चांगला मध्यस्थ ती देतो. दमून, रडून, संध्याकाळी सहा वाजता केलेली सही दुसऱ्या दिवशी सकाळी परकी वाटते, आणि मी असे अनेकदा पाहिले आहे.

सह्या झाल्यावर संमतीपत्र न्यायालयात सादर होते, बहुधा पुरसीससोबत, म्हणजे न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनासोबत. न्यायाधीश दोघांना वेगवेगळे विचारतात की हे स्वेच्छेने लिहिले का, कोणी दबाव आणला का. इथे खोटे 'हो' म्हणू नका, कारण संमतीने झालेल्या आदेशाविरुद्ध कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार अपील करता येत नाही. मध्यस्थी अधिनियम, २०२३ यातही मध्यस्थीतून झालेल्या लेखी कराराला हुकूमनाम्यासारखा दर्जा देण्याची तरतूद आहे. पण त्या कायद्याची कलमे एकाच वेळी लागू झालेली नाहीत, म्हणून तुमच्या प्रकरणाला कोणते लागू आहे ते वकिलाकडून समजून घ्या.

तडजोड झाली नाही, किंवा झाल्यावर मोडली तर

सगळेच प्रकरण मिटते असे नाही, आणि मिटले नाही म्हणून दोघांपैकी कोणी हरले असे समजू नये. अर्धवट तडजोडही करता येते: मुलांचे वेळापत्रक ठरले आणि फ्लॅटचा वाद उरला, तर तेवढेच लिहून घ्या आणि उरलेले न्यायालयापुढे जाऊ द्या. मध्यस्थी चालू असताना मुलाची भेट थांबलेली असेल तर तात्पुरत्या भेटीचा अर्ज न्यायालयात देता येतो, त्यासाठी मध्यस्थी संपण्याची वाट पाहावी लागत नाही.

आदेश झाल्यानंतर दुसरी बाजू तो पाळत नसेल तर आधी तारखांची वही ठेवा. कोणत्या शनिवारी मूल आले नाही, कोणता मेसेज गेला, काय उत्तर आले. ही वही घेऊन न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. रागाने पोटगी थांबवू नका आणि रागाने मुलाची भेट अडवू नका, कारण एका चुकीने दुसरी माफ होत नाही, आणि दोन्ही चुकांचा त्रास मुलालाच होतो.

ताब्याविषयीचे आदेश कधीच कायमचे नसतात. मुलाचे वय, शाळा किंवा आईवडिलांची परिस्थिती बदलली की ते बदलून मागता येतात. म्हणून संमतीपत्रातच एक साधे कलम असावे की दरवर्षी मे महिन्यात, शाळा सुरू होण्याआधी, दोघे एकदा बसून पुढच्या वर्षाचे वेळापत्रक तपासतील. आदेश मिळाल्यावर लगेच त्याच्या तीन प्रमाणित नकला काढून ठेवा: एक स्वतःजवळ, एक मुलाच्या शाळेसाठी आणि एक पासपोर्टच्या कामासाठी. नकलेचा अर्ज देताना प्रकरणाचा क्रमांक आणि आदेशाची तारीख लागते, म्हणून ती रोजनाम्यावरून त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या.